मुखवटा राहिला, साचा गेला

१

मुखवटा जिथल्या तिथे होता. फुटला होता तो साचा.

हे काही चौकशीबाईंच्या डोक्यात बसेना. विमा कंपनीसाठी खऱ्याखोट्या आगी आणि खऱ्याखोट्या चोऱ्या तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. नोकरी संपली तरी 'चौकशीबाई' हे नाव काही सुटलं नाही. चोराने दागिना सोडून डबी नेली, असं त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. इथे तर डबी नेलीही नव्हती. बसून कुटली होती.

संग्रहालय म्हणजे एका शिल्पकाराचं राहतं घर. खाली त्याची शिल्पं, मागच्या अंगाला त्याची कामाची खोली आणि वर तो स्वतः. त्याला सगळे अप्पा म्हणत. अप्पा नव्वदीला टेकलेले, डोळ्यांनी पार आंधळे. त्यांची मुलगी, म्हणजे ताई, संग्रहालय चालवत होती. सध्या ती एकेक शिल्प स्कॅन करून घेत होती. उद्या आग लागो की छप्पर पडो, प्रत्येक मूर्तीची सुरकुतीन्‌सुरकुती संगणकात जपलेली असावी, एवढाच तिचा हट्ट.

ज्या खोलीत हे काम चाले, तिच्या खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं होतं, कारण उन्हाने स्कॅनर बावचळतो. सोमवारी सकाळी स्कॅनवाल्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या बुटाखाली काहीतरी करकरलं. दिवा लावून बघतो तर सगळ्या फरशीवर पांढरे तुकडे. त्याच्या टेबलावरचं सामान गायब. आणि मधल्या फिरत्या पाटावर ब्राँझचा मुखवटा, ओरखडाही न उठलेला.

त्या मुखवट्याचं नाव 'निद्रा'. अप्पांची पहिली बायको, ताईची आई, गेली त्या दुपारी अप्पांनी तिच्या चेहऱ्यावर प्लास्टर घालून साचा घेतला आणि त्यातून हा मुखवटा ओतला. याच मुखवट्याने ते मोठे झाले. लोक लांबून येत, त्या मिटलेल्या डोळ्यांसमोर उभे राहत, आणि बाहेर जाताना नाक पुसत.

साच्याकडे कोण बघणार? ओबडधोबड प्लास्टरचं पसरट भांडं. आत उलटा चेहरा, नाकाच्या जागी खड्डा. इतकी वर्षं तो माळ्यावरच्या पेटीत, जुन्या चादरीत गुंडाळून पडला होता. स्कॅनिंगसाठी माळा उपसताना गेल्याच आठवड्यात ताईला सापडला.

"पोलीस नकोत," ताई दाराबाहेरूनच म्हणाली. पन्नाशीची, केस बारीक कापलेली, शब्द मोजून वापरणारी बाई. "कुलूप फुटलेलं नाही. दार किल्लीने उघडलंय. म्हणजे घरातलंच कुणीतरी आहे, आणि घरात माणसं आहेत तरी किती?"

चौकशीबाई खाली बसल्या. गुडघे कुरकुरले, त्यांनी लक्ष दिलं नाही. एकेक तुकडा उचलून त्या जमिनीवर मांडू लागल्या. कपाळ मिळालं, सबंध. एक कान, मग दुसरा. गाल मोठ्या तुकड्यांत. हनुवटीची कड.

मध्ये मात्र मोकळी जागा राहिली. तिथलं प्लास्टर पीठ होऊन शेजारी ढिगाने पडलं होतं.

"कान सोडले, कपाळ सोडलं," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "नाक कुठाय?"

२

स्कॅनवाला तिशीचा, सतत घसा खाकरणारा तरुण. आपल्यावरच येणार या भीतीने तो न विचारताही बोलत होता.

"लॅपटॉपमध्ये मी काही ठेवत नाही, बाई. फाइल अवाढव्य असतात. एका डिस्कवर मूळ, दुसरीवर तिची नक्कल. दोन्ही टेबलावर होत्या, दोन्ही गेल्या."

"आणखी काय गेलं?"

"स्कॅनर जुळवायला ठिपक्यांची पाटी लागते, ती. फिरत्या पाटाचा रिमोट. माझं चष्म्याचं घर." तो अडखळला. "आणि माझ्या घशाच्या गोळ्यांची डबी. ती कशाला न्यावी कुणी?"

"घसा बसला असेल," बाई म्हणाल्या. "साचा स्कॅन झाला होता?"

"झाला होता की. शुक्रवारी चहाच्या वेळी सगळ्यांना दाखवला. साच्याचं स्कॅन उलटं असतं, आतला भाग बाहेर. पण संगणकात एक बटण दाबलं की खड्ड्याचा उंचवटा होतो. मी बटण दाबलं आणि पडद्यावर ताईंच्या आईंचा चेहरा वर आला. खराखुरा. भुवयांचे केस मोजून घ्या. मुखवट्यापेक्षा निराळाच दिसत होता, कारण मुखवटा अप्पांनी नंतर हाताने घासूनपुसून गुळगुळीत केलाय."

"निराळा म्हणजे?"

"मुखवट्यात त्या झोपल्यासारख्या वाटतात. पडद्यावर..." त्याने घसा खाकरला. "ओठ घट्ट आवळलेले. आणि नाकपुड्यांखाली फोड होते. साबणाच्या फेसाला असतात ना, तसे बुडबुडे. मी विचारलंसुद्धा, हे काय म्हणून. चेला म्हणाला, प्लास्टर नीट ढवळलं नसेल, हवा अडकली."

चेला म्हणजे अप्पांचा शिष्य. साठीला आला तरी त्याचं नाव चेलाच राहिलं होतं.

"पडद्यासमोर कोण कोण होतं?"

"ताई, चेला, मावशी. अप्पा वरच होते. ते खाली येतच नाहीत."

मावशी ही ताईची सख्खी मावशी. बहीण गेल्यावर वर्षाच्या आत अप्पांनी तिच्याशी लग्न केलं. ताई तेव्हा लहान होती. तिने मावशीला आई म्हटलं नाही, आणि मावशीने तसा आग्रहही धरला नाही.

रविवारी संग्रहालय बंद असतं. ताई परगावी एका सभेत होती, शंभर माणसांसमोर. स्कॅनवाला भाच्याच्या वाढदिवसाला. चेला म्हणे आपल्या घरी. मावशी आणि अप्पा इथेच.

"अप्पांना त्या चेहऱ्याबद्दल कळलं का?" बाईंनी ताईला विचारलं.

ताईच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी मऊ आलं. "मीच सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, शनिवारी त्या स्कॅनवरून प्लास्टिकचा चेहरा छापून घेतला आणि त्यांच्या हातात दिला. डोळे गेल्यापासून त्यांनी आईला पाहिलं नव्हतं. म्हटलं, हाताने तरी बघू देत."

"काय म्हणाले?"

"काही नाही. बराच वेळ बोटं फिरवत बसले. मग म्हणाले, आता जा."

"तो छापलेला चेहरा कुठाय?"

"मावशी म्हणते, पडला आणि फुटला. केरात टाकला." ताईने आपल्या उजव्या हाताची बोटं चाचपली. "तुम्हाला विचित्र वाटेल, पण मी त्या दुपारी तिथे होते. सहा वर्षांची. आईचा हात माझ्या हातात होता. तिने माझी बोटं दाबली, असं मी कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत होते. मावशीने समजावलं, मेलेल्या माणसाची बोटं आखडतात. पुढे मी सांगायची थांबले."

मावशी कुठे भेटतील, एवढंच बाईंनी विचारलं.

३

मावशी स्वयंपाकघरात उशीच्या अभ्र्याला टाके घालत बसली होती. ठेंगणी, पांढरीशुभ्र, सुईत एका फटक्यात दोरा ओवणारी.

"मोठ्याने बोला," ती म्हणाली. "मला ऐकू कमी येतं. रविवारी मी इथेच होते, पण तोफ उडाली असती तरी मला कळलं नसतं."

"किल्ल्यांचं जुडगं तुमच्याकडेच असतं ना?" बाईंनी आवाज चढवून विचारलं.

"खुंटीला असतं. कुणीही घ्यावं."

बाई पाणी प्यायला माठाकडे वळल्या. तिच्याकडे पाठ करून, ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या, "चादर तर फार छान जपली होती हो त्या पेटीत."

"डांबरगोळ्या घालायचे दरसाल," मावशी म्हणाली. आणि मग तिची सुई थांबली.

बाईंनी पाणी पिऊन पेला विसळून पालथा घातला. "ऐकू चांगलं येतं तुम्हाला. म्हणजे साचा माळ्यावर विसरून राहिलेला नव्हता. तुम्ही ठेवला होता."

"घर माझं, माळा माझा," मावशी म्हणाली. "ठेवलं तर ठेवलं." आणि तिने परत टाका घातला.

कामाच्या खोलीत चेला मातीवर ओलं फडकं टाकत होता. खोलीला छतापासून कमरेपर्यंत काचेची खिडकी, भरपूर उजेड. चेल्याच्या हातात कोपरापर्यंत रबरी मोजे.

"प्लास्टर हाताला सोसत नाही," तो म्हणाला. "कातडी फुटते, रक्त येतं. अप्पा हसायचे. म्हणायचे, शेफला भाजीची ॲलर्जी."

"रविवारी तुम्ही इथे आला नाहीत?"

"नाही, बाई. आणि आलो असतो तरी किल्ली ताईंकडे मागावी लागते मला."

बाईंचं लक्ष कोपऱ्यातल्या बादलीकडे गेलं. काठोकाठ प्लास्टरने भरलेली, घट्ट आणि गार. "हे काय ओतलंय?"

चेल्याने वाकून बघितलं. त्याच्या कपाळावर आठी पडली. "हे माझं नाही. एवढं प्लास्टर मी वाया घालवीन होय?"

त्याने बादली उपडी केली, गोळा बाहेर काढला आणि छिन्नी लावली. दुसऱ्याच घावाला गोळा दुभंगला. आत, गुलकंदात रुतलेल्या पाकळ्यांसारख्या दोन्ही डिस्क बसलेल्या. ठिपक्यांची पाटी, दुमडून. रिमोट. स्कॅनवाल्याने धावत येऊन डिस्क उचलल्या. त्यांच्या फटीफटींत प्लास्टर शिरून घट्ट झालेलं. त्याने बघितलं आणि मान हलवली. संपलं होतं सगळं.

बाई मात्र दुसऱ्या अर्ध्याकडे बघत होत्या. तिथे चष्म्याचं घर होतं. त्याला लागून घशाच्या गोळ्यांची पत्र्याची डबी.

"अंधारात हाती लागलं ते उचललं असणार," चेला म्हणाला.

"ती खोली अंधारी आहे, खरं," बाई म्हणाल्या. "पण ही नाही. इथे दिवसाढवळ्या, एवढ्या उजेडात, एकेक वस्तू हातात घेऊन कुणीतरी बादलीत बुडवली. आणि घशाच्या गोळ्या डिस्क समजून बुडवल्या."

चेल्याने हातातली छिन्नी खाली ठेवली. तिचा आवाज झाला नाही, इतकी हळू.

४

"बसा," बाई म्हणाल्या. "आणि त्या बुडबुड्यांबद्दल मला खरं सांगा."

"शुक्रवारी सांगितलं की. हवा अडकते."

बाईंनी फुटलेल्या गोळ्याचा तुकडा त्याच्यापुढे धरला. आतून दुधासारखा एकसंध, सुईच्या टोकाएवढंही छिद्र नाही. "हे ज्याने कालवलं त्याच्या हातून हवा अडकत नाही. त्याने पाण्यात प्लास्टर हळूहळू पेरलं, मुरू दिलं, मग बोटांनी ढवळलं. आणि वरून उघड्या तळव्याने सारखं केलं. रेषा दिसताहेत बघा. तुम्ही मोजे घालता. ताईंना प्लास्टरचा वास आला तरी त्या खोलीबाहेर जातात, आल्यापासून बघतेय मी. स्कॅनवाल्याला हे येत नाही. मावशींना येत असेल, पण त्यांना डोळे आहेत. सुईत दोरा ओवतात त्या. गोळ्यांची डबी ओळखतील."

चेल्याने त्या रेषांवरून मोजा घातलेलं बोट फिरवलं.

"आणि ढवळताना हवा राहिली असती तर बुडबुडे कपाळावर असते, गालांवर असते. नाकाखालीच का?"

चेल्याने एकेक करून मोजे काढले. त्याच्या बोटांवर जुन्या भेगांचे वण होते. "जिवंत माणसाचा साचा घेतात ना, तेव्हा नाकात नळ्या घालतात. श्वास घेता यावा म्हणून. साच्यात त्या नळ्यांची भोकं राहतात. मेलेल्याला नळ्या लागत नाहीत, म्हणून भोकं नसतात. या साच्याला भोकं नव्हती."

"बरोबर. त्या वारल्या होत्या."

"होय." त्याने खिडकीबाहेर बघितलं. "फक्त मेलेलं माणूस ओल्या प्लास्टरमध्ये फुंकर मारत नाही, बाई."

५

खरं तर बाईंनी तिथेच थांबायला हवं होतं. साचा अप्पांचा, फोडला अप्पांनी. स्वतःची वस्तू स्वतः फोडणं हा कुठल्याही पुस्तकात गुन्हा नाही. ताईला एवढं सांगून, चहा पिऊन घरी जाता आलं असतं. पण बाईंनी आयुष्यभर लोकांच्या घरात शिरून खोटं उपटून काढलं होतं, आणि मूळ दिसल्यावर नुसता शेंडा खुडून परतणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

"उत्तर मिळालंय," त्यांनी जिन्याखाली ताईला सांगितलं. "ते ऐकल्यावर हे घर तुमच्यासाठी पहिल्यासारखं राहणार नाही. ऐकायचं की नाही, तुम्ही ठरवा."

"मी तुम्हाला बोलावलंच त्यासाठी," ताई म्हणाली.

वरच्या खोलीत अप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगापिंडाने अजून दणकट, हात फावड्याएवढे. मावशी त्यांच्या पलंगाची चादर बदलत होती. चेला दारातच उभा राहिला. बाईंनी स्कॅनवाल्याला गोळ्याचा वरचा भाग स्कॅन करायला सांगितला होता. तो लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर प्लास्टरमध्ये उमटलेला तळवा होता, रुंद, करंगळी आतल्या बाजूला वळलेली.

ताईने पडद्याकडे बघितलं. मग खुर्चीच्या हातावर विसावलेल्या वाकड्या करंगळीकडे.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्हाला जिना उतरता येत नाही."

"येतो," मावशी म्हणाली. "धरून नेलं तर येतो. मी नेलं. दार उघडून दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. पुढचं यांनी केलं. हातोडीचा आवाज येत होता, मग वरवंट्यासारखा, घासल्याचा."

"तूच का नाही फोडलास?"

"मी का फोडावा? त्या साच्याच्या जिवावर मी या घरात राहिले. कुणालाही वाऱ्यावर सोडायला यांना वेळ लागत नाही. साचा माझ्यापाशी होता, म्हणून मला सोडलं नाही. तू तो माळ्यावरून काढून चारचौघांत मांडलास. मग माझ्याही उपयोगाचा राहिला नाही." ती चादरीचा कोपरा गादीखाली सारत होती. "म्हटलं, ज्याने केला त्यानेच फोडावा."

"मला कुणीतरी सरळ सांगा," ताई म्हणाली. तिने आवाज वाढवला नव्हता.

बाईंनी सांगितलं. बुडबुडे कसले ते सांगितलं, नळ्यांची भोकं का नव्हती ते सांगितलं. फोडणाऱ्याने कपाळ, कान, गाल सोडून नेमकं नाक आणि ओठ बोटांनी शोधून का कुटले, तेही. त्या बोलत असताना अप्पा मान किंचित तिरकी करून ऐकत होते, जणू दुसऱ्या कुणाच्या कामाचं कौतुक चाललंय.

"बाई हुशार आहेत," ते शेवटी म्हणाले. "बाळ, ती जाणारच होती. डॉक्टर सकाळी सांगून गेला होता, संध्याकाळ काढणार नाही म्हणून. तुला माहीत नाही, मेल्यावर चेहरा उतरतो. गाल मागे पडतात, जबडा सुटतो. थोड्या वेळात तिथे वेगळंच कुणीतरी असतं. मला ती हवी होती. प्रेत नको होतं."

"नळ्या का नाही घातल्या?"

"नळ्यांनी नाकपुड्या पसरतात. आकार बिघडतो."

स्कॅनवाल्याने खाकरायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"शुद्ध होती तिला?" ताईने विचारलं.

उत्तर मावशीने दिलं, पलंगावर बसत. "मी डोकं धरलं होतं. हात मोकळे राहिले असते तर तोंडाकडे गेले असते. एक यांनी गुडघ्याखाली दाबला. दुसरा तुझ्या हातात दिला. म्हटलं, आईचा हात धरून ठेव, घट्ट, सोडू नकोस. तू फार शहाणी होतीस. सोडला नाहीस."

ताईने आपला उजवा हात उचलला आणि दुसऱ्या हाताने धरला, पोळल्यासारखा.

"तू मला सांगितलंस बोटं आखडतात."

"मग काय सांगायचं होतं?" मावशी म्हणाली. "पोर होतीस. झोपली पाहिजेस ना रात्रीची."

बाईंना एकच गोष्ट बघायची उरली होती. त्या पलंगापाशी गेल्या आणि चादर बदलतानाही मावशीने जागची न हलवलेली उशी त्यांनी उचलली. खाली प्लास्टिकचा चेहरा होता, करडा, तळहाताहून थोडा मोठा. ओठ आवळलेले. नाकाखाली बारीक फोडांची माळ.

"डिस्क बुडवल्यात, साचा कुटलात," त्या अप्पांना म्हणाल्या. "आणि हा उशीखाली ठेवलात. फुटला म्हणून मावशींकडून खोटं बोलवलंत. का?"

अप्पांनी हात पुढे केला. चेहरा परत मिळेल या भरवशाने पसरलेला, रुंद, रिकामा हात.

"कारण तो मुखवट्यापेक्षा चांगला आहे," ते म्हणाले. "तिथे मी नाक दुरुस्त केलं, ओठ सैल केले. घाबरलो. यात काही दुरुस्त केलेलं नाही. इतकं खरं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही, बाळ. दे इकडे."

ताईने पुढे होऊन बाईंच्या हातातून चेहरा घेतला. तिने तो वडिलांना दिला नाही. स्कॅनवाल्याला दिला.

"हा स्कॅन करा," ती म्हणाली. "चारही बाजूंनी. प्रती जितक्या निघतील तितक्या काढा."

६

पोलिसांकडे ताई जाऊन आली. त्यांनी ऐकून घेतलं. साक्षीदार म्हणजे त्या वेळी सहा वर्षांची मुलगी, पुरावा म्हणजे प्लास्टिकचं खेळणं, आणि मूळ साच्याचं झालेलं पीठ. आरोपी नव्वदीचा आंधळा, गावाचा लाडका. अधिकाऱ्याने चहा मागवला आणि सहानुभूती दाखवली. चेल्याने जबाब द्यायचं कबूल केलं होतं. आयत्या वेळी त्याची तब्येत बिघडली आणि तो गावाला निघून गेला.

हिवाळा सरल्यावर चौकशीबाई एका सकाळी पुन्हा त्या रस्त्याने जात होत्या. संग्रहालयाच्या दारात रांग लागलेली दिसली. त्यांनी तिकीट काढलं आणि आत गेल्या.

'निद्रा' तिच्या जागेवर होती. तिच्यासमोर, छातीएवढ्या उंचीच्या ओट्यावर, नवा चेहरा बसवला होता. माणसाच्या चेहऱ्याएवढा, पांढरा, दोरी नाही की काच नाही. पाटीवर लिहिलं होतं: हात लावा. लोक लावत होते. एक शाळकरी मुलगी नाकाखाली बोट फिरवून मागे सरली आणि आईच्या मागे लपली. भिंतीवरच्या ध्वनिवर्धकातून ताईचा आवाज येत होता, सावकाश, हेल न काढता, त्या दुपारी कोण कुठे बसलं होतं आणि कुणी काय धरलं होतं ते सांगणारा. संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

ओट्याशेजारी स्टुलावर मावशी होती. हातात ओलं फडकं. दहा-बारा माणसांचे हात लागून झाले की ती उठे, बहिणीचा चेहरा पुसे, ओठांवरून, नाकाखालून, आणि परत बसे. बाईंकडे तिने बघितलं, पण ओळख दाखवली नाही.

"जायला जागा नाही तिला," ताई मागून येऊन म्हणाली. ती बारीक झाली होती, पण आवाज स्थिर होता. "राहायचं असेल तर काम करावं लागेल म्हटलं. स्वच्छ ठेवते, तक्रार नाही."

बाईंनी छताकडे बघितलं. अप्पांची खोली अगदी डोक्यावर होती. "वर ऐकू जातं?"

"जातं. त्यांच्या खुर्चीत बसून मी तपासलंय. दार लावलं तरी शब्द कळतात."

"मग ते काय म्हणतात?"

"पहिले काही दिवस बंद कर म्हणत होते. मग तो चेहरा एकदा हातात दे म्हणाले. रोज मागतात. मी देत नाही."

बाईंना काहीतरी बोलावंसं वाटलं. हे असं करू नका, असं म्हणता आलं असतं. पण ज्या बाईने उशी उचलली तिने ते म्हणावं, हे त्यांनाच पटेना. त्यांनी नुसतं विचारलं, "तब्येत कशी आहे त्यांची?"

"ठणठणीत," ताई म्हणाली. "डॉक्टर दर आठवड्याला येतात. हृदय तरण्या माणसाचं आहे म्हणे, अजून बरीच वर्षं काढतील. जेवण, औषधं, पथ्य, सगळं मी जातीने बघते."

रांग पुढे सरकली. मागचा माणूस खोळंबला होता, तेव्हा बाई बाजूला झाल्या आणि त्यांनी त्याला वाट करून दिली.